आड बुजवायच्या आधी



२०२५ च्या मे महिन्यात माझ्या पिठाच्या डब्याने मला पेचात टाकलं. आपल्याकडे पिठाची मर्यादा ऋतूवर ठरते, हे तुम्हाला सांगायला नको. थंडीत सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन. आणि ऋतू बदलतो तो अष्टान्हिकेला. फाल्गुनातली झाली की उन्हाळा, आषाढातली झाली की पावसाळा, कार्तिकातली झाली की थंडी. लग्न होऊन आले तेव्हापासून हा हिशेब मी डोळे मिटून पाळत आले.

पण तेव्हा आषाढाची अष्टान्हिका दीड महिना लांब होती आणि बाहेर पाऊस कोसळत होता. गच्चीवर घातलेल्या कुरडया तीनदा उचलून आत आणल्या, चौथ्यांदा बघते तर त्यांच्यावर बुरशी. पंचांग म्हणतं उन्हाळा, पीठ पाच दिवस चालेल. डबा उघडला तर तिसऱ्याच दिवशी गुठळ्या आणि तो ओळखीचा कुबट वास. त्या वर्षी मोसमी पाऊस केरळात २४ मे ला आला आणि २६ मे ला मुंबईत. मुंबईच्या आजवरच्या नोंदींत इतक्या लवकर तो कधीच आला नव्हता.

माताजींना विचारलं, मर्यादा कोणती धरू? त्या हसल्या आणि म्हणाल्या, "पंचांग बघ, आणि पीठही बघ." मी तीन दिवस धरले.

ही गोष्ट लहान आहे, पण गेले काही महिने ती माझ्या डोक्यातून जात नाही. आपले सगळे नियम पावसाच्या एका ठराविक चालीवर बसवलेले आहेत. चातुर्मासात साधू-साध्वी एका जागी थांबतात ते जमिनीवर जीवोत्पत्ती वाढते म्हणून. आपण पालेभाजी सोडतो तीही त्याचसाठी. तो पाऊसच आता चाल बदलतो आहे. आणि आपण मात्र "यंदा जरा जास्तच झाला बाई" म्हणून विषय सोडून देतो.

सासूबाई झडीच्या गोष्टी सांगायच्या. श्रावणात झड लागली की चार-चार, सात-सात दिवस सूर्य दिसायचा नाही. सूर्य दिसल्याशिवाय न जेवणाऱ्या काही आजीबाई तेव्हा होत्या, त्यांचे तर उपवासच घडायचे. पण तो पाऊस कसा होता? बारीक. भीज पाऊस. अंगावर घेत शेजारच्या घरी जाता यायचं. ओसरीत बसून वाती वळता यायच्या. जमीन हळूहळू पीत राहायची आणि मग विहिरींना पाझर फुटायचे. माझ्या मुलीला "झड" हा शब्द समजावून सांगावा लागला. तिला फक्त दोन गोष्टी माहीत आहेत: पंधरा-वीस दिवस कडक ऊन, आणि मग एका रात्रीत छातीत धडकी भरेल असा पाऊस.

हा केवळ म्हाताऱ्यांच्या आठवणींचा खेळ नाही. पुण्यात भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी २००६ साली मध्य भारताच्या पन्नास वर्षांच्या, म्हणजे १९५१ ते २००० च्या, पावसाच्या नोंदी तपासून दाखवलं की हंगामाची एकूण बेरीज फारशी बदललेली नाही, पण मध्यम पावसाचे प्रसंग कमी झालेत आणि अतिमुसळधार पावसाचे वाढलेत. म्हणजे झड गेली आणि धबाबा आला. पुढे २०१७ मध्ये त्याच संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितलं की मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भूभागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या पावसाच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. त्या पट्ट्यात महाराष्ट्रही येतो.

याचं कारण समजायला विज्ञानाची पदवी लागत नाही, स्वयंपाकघर पुरतं. ओलं लुगडं उन्हाळ्यात तासाभरात वाळतं, थंडीत संध्याकाळपर्यंत ओलंच राहतं. गरम हवा जास्त पाणी पिते. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिच्यात साधारण सात टक्के जास्त वाफ मावते. आता असं समजा की आभाळात पूर्वी लहान कळशी होती, तिच्या जागी मोठी घागर आली. घागर भरायला वेळ जास्त लागतो, म्हणून पावसाचा खंड लांबतो, आपण आभाळाकडे बघत बसतो. आणि ती एकदा कलंडली की कळशीपेक्षा कितीतरी जास्त ओतते. दुष्काळ आणि अतिवृष्टी या दोन वेगळ्या पीडा नाहीत, एकाच घागरीच्या दोन तऱ्हा आहेत.

त्यात आपला समुद्र तापला आहे. हिंदी महासागराचा उष्ण पट्टा १९५१ ते २०१५ या काळात सुमारे एक अंशाने तापला. तापलेल्या समुद्रावरून वाफ जास्त उठते, आणि अरबी समुद्रावरचे वारे ती अधूनमधून लाटेसारखी आत ढकलतात. आपला मराठवाडा एरवी सह्याद्रीच्या पावसाच्या सावलीत. पण बंगालच्या उपसागरातून निघालेला कमी दाबाचा पट्टा विदर्भ-तेलंगणाकडून इकडे सरकला आणि त्याला अरबी समुद्राकडूनही ओल मिळाली, की मग सावलीबिवली काही राहत नाही.

अमुक एका रात्रीचा पाऊस तापमानवाढीमुळेच पडला, असं मात्र कोणी ठासून सांगू नये. मोठे पाऊस पूर्वीही पडत. आता ते जास्त वेळा पडतात आणि पडले की जास्त पडतात.

२०२४ चा पोळा आठवा. दोन सप्टेंबरला पोळा होता आणि आदल्या दिवशीपासून परभणी, हिंगोली, नांदेडवर जे आभाळ फाटलं, त्यात बैल सजवायचे राहिले बाजूला, लोक गोठ्यातून दावी कापून जनावरं बाहेर काढत होते. आपलं दशलक्षण आठवड्यावर आलेलं. लगेच पुढच्या वर्षी, २०२५ च्या नवरात्रात, परत तेच. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जायकवाडीतून तीन लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं, आणि पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा, सगळा गोदाकाठ पाण्यात गेला. सोयाबीन कापणीला आलेलं. शेंगा झाडावरच उगवल्या.

काळ्या जमिनीचं एक आहे. ती वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि भिजली की फुगून अशी मिटते की वरचं पाणी खाली जात नाही. सावकाश दिलं तर ती खूप पिते. पण एकदम ओतलं तर वरच साचतं किंवा माती घेऊन वाहून जातं. शेत चिभडलं की पंधरा पंधरा दिवस वाफसा येत नाही, मुळांना हवा मिळत नाही, पीक उभ्याउभ्या पिवळं पडतं. आमच्या घरी शेती नाही, पण आमचं दुकान मोंढ्यात आहे, त्यामुळे शेतातला चिखल आमच्या ओट्यापर्यंत येतोच. त्याबद्दल पुढे बोलते.

आधी आडाबद्दल. हा लेख खरं तर त्याच्यासाठीच लिहायला घेतला.

आमच्या मंदिराच्या आवारात जुना दगडी आड आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा अभिषेकाचं पाणी तिथूनच निघायचं. सोवळ्यात पाणी शेंदायचं, दुहेरी जाड गाळण्याने गाळायचं, आणि गाळण्यावर राहिलेली जीवाणी त्याच आडात परत पोचवायची. वरून फेकायची नाही, उंचावरून पडून जीव मरतात. त्यासाठी सासूबाईंकडे पितळेची खास बादली होती, बुडालाही कडी असलेली. दोर त्या कडीतून असा घ्यायचा की बादली पाण्याला टेकली की अलगद उलटी होते. मला ते जमायला पावसाळा लागला. दोनदा बादली आडातच राहिली आणि सासूबाईंनी एक शब्द न बोलता गळ टाकून ती काढली.

ज्या पाण्यातला जीव, त्याच पाण्यात परत. विहिरीचा विहिरीत, नदीचा नदीत. किती बारीक विचार आहे हा! आता घरी नळ. पाणी कुठल्या कुठे धरणातून येतं, जीवाणी कुठे सोडायची हा प्रश्न आपण विचारायचाच बंद केला. गाळणं तोटीला बांधलं की झालं.

तर, काही वर्षांपूर्वी आमच्या मंदिराच्या आवारात पेव्हर ब्लॉक बसवले. आधी मुरूम होता. पावसाळ्यात पायाला चिखल लागायचा, हे खरं आहे, आणि चिखलात जीव तुडवले जातात असंही कारण दिलं गेलं. आम्ही बायकांनीही मान डोलावली होती, मी त्यांत होते. आडाच्या कठड्याला खाली एक मोरी होती, आवारातलं पाणी मुरमातून गाळत गाळत तिच्यातून आत जायचं. फरशीच्या कामात तीही लिंपली. पोळ्याच्या त्या पावसात पाण्याला जायला वाटच राहिली नाही. ते धर्मशाळेच्या खालच्या खोलीत शिरलं, जिथे चौक्याचं धान्य ठेवलं होतं. दोन क्विंटल गहू, डाळी, निवडून, वाळवून, मर्यादेनं भरून ठेवलेले. तिसऱ्या दिवशी खोली उघडली तेव्हा त्या पोत्यांत काय होतं ते मी इथे लिहीत नाही. पाय चिखलाने भरू नयेत आणि जीव तुडवले जाऊ नयेत म्हणून जी फरशी घातली, तिच्यापायी किती जीव गेले याचा हिशेब कोण करणार?

एक साधं गणित मांडते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर झाला की सरकार त्याला अतिवृष्टी म्हणतं. आमचं आवार अंदाजे चाळीस बाय पन्नास फुटांचं, म्हणजे १८६ चौरस मीटर. अतिवृष्टीच्या एका दिवसात त्यावर बारा हजार लिटर पाणी पडतं. एक मोठा टँकर! आणि हाच टँकर आपण उन्हाळ्यात पैसे मोजून त्याच दारात बोलावतो. छताचं पाणी तर मी धरलंच नाही.

आता कमिटीचा विचार आहे की आड बुजवून त्या जागी सभागृह वाढवावं. पुढच्या चातुर्मासाला मोठा संघ येण्याची शक्यता आहे, लोक बसणार कुठे? कारणं खोटी नाहीत. आडाचं पाणी कोणी वापरत नाही. कोणीतरी निर्माल्य टाकतं, डास होतात. मागे एक पोरगं कठड्यावर चढलं होतं आणि सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पण या प्रत्येकाला उपाय आहे. वर लोखंडी जाळी, कुलूप, वर्षातून एकदा गाळ काढणं. मोरी परत उघडायची, तिच्या तोंडाशी खडी आणि वाळूचा खड्डा करायचा म्हणजे पाणी गाळून आत जाईल. छताचा पाइप तिकडे वळवायचा. पेव्हरची एक कडेची पट्टी काढून परत मुरूम टाकायचा. सभागृह पश्चिमेच्या बाजूला वाढू शकतं, तिकडे वाहनतळासाठी जागा सोडली आहे. मुनिमहाराज पायी येतात, वाहनतळ आपल्यासाठीच लागतो ना?

कोणी म्हणेल, एका आडाने गोदावरीचा पूर थांबणार आहे का? नाही थांबणार. मी तसं म्हणतही नाही. माझं म्हणणं एवढंच की जे बारा हजार लिटर आमच्या अंगणात पडतं ते आमचं आहे, ते शेजारच्या गल्लीत ढकलून द्यायचा आम्हाला अधिकार नाही. खालच्या गल्लीत ज्यांची घरं आहेत ती काही आपल्या समाजाची नाहीत. त्यांच्या घरात गुडघाभर पाणी होतं आणि त्यातलं काही आमच्या पेव्हर ब्लॉकवरून घसरून गेलेलं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना बिस्किटांचे पुडे वाटले. फोटोही काढले.

आणि आता मोंढा. हे लिहिताना जरा अवघड जातंय, घरचे वाचतात.

आपल्यातल्या पुष्कळ घरांची चूल आडतीवर, धान्याच्या व्यापारावर किंवा बी-बियाण्यांच्या दुकानावर पेटते. गेल्या हंगामात पाण्यातून वाचलेलं सोयाबीन बाजारात आलं ते ओलं, डागी. मशीनवर ओलावा बघायचा आणि भाव पाडायचा. ओलावा जास्त म्हणजे वाळल्यावर वजन घटणार, व्यापाऱ्याने ते कापलं तर त्यात गैर काही नाही. सरकारी खरेदीतही बारा टक्क्यांची अट असते, २०२४ च्या हंगामात ती पंधरापर्यंत सैल करावी लागली होती. पण घट जेवढी तेवढंच कापलं जातं का? २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आणि बाजार त्याच्या कितीतरी खाली. त्यात पुन्हा डागी म्हणून कडता. सकाळी महिला मंडळाने पूरग्रस्तांसाठी किट बांधायची आणि दुपारी त्याच गावच्या माणसाकडून अडल्या वेळेला माल घ्यायचा. मी आमच्या "यांना" हे विचारलं. ते म्हणाले, "धंदा म्हणजे धंदा." दोन दिवसांनी मात्र स्वतःहून सांगितलं की ओलाव्याची घट काढून वर कडता लावायचा नाही असं मुनीमजींना बजावलंय. ऋतू बिघडणार हे आता दरवर्षीचं झालं, तर अचौर्य अणुव्रताचा हिशेब मॉइश्चर मशीनच्या आकड्यापाशीही करावा लागणार. मैत्रिणींनो, तुमच्या घरी हा विषय तुम्हीच काढू शकता. जेवताना काढा, रागावणार नाहीत.

आपल्याकडे एक उत्तर तयार असतं: पंचमकाळ आहे, असंच होत जाणार. माझ्या नणंदबाई हे फार शांतपणे म्हणतात आणि त्यांच्याशी वाद घालायची माझी हिंमत नाही. पण काळ पडता आहे म्हणून कोणी पाणी न गाळता प्यायला सांगितलंय का? उलट काळ कठीण म्हणून आपण मर्यादा जास्त सांभाळतो. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे प्रकार सांगितले आहेत. त्यांतल्या प्रमादचर्येत काय येतं ते काढून वाचा. विनाकारण जमीन खणणं, विनाकारण पाणी सांडणं, विनाकारण अग्नी पेटवणं, वारा घालणं, झाडं तोडणं. हवा तापते आहे ती कोळसा आणि तेल जाळून, म्हणजे अग्नीच्या आरंभानेच. गरजेपुरतं जाळलं तर संसारी माणसाला ते चुकत नाही. पण पंचकल्याणकात रात्रभर चालणारे जनरेटर, दिवसा ढवळ्या जळणारी रोषणाई, नेमगिरीला जाताना एकेका गाडीत दोन-दोन माणसं, हे कुठल्या गरजेत बसवायचं? जिंतूरपर्यंत आमच्या गावातून एसटी जाते. मी गेल्या वेळी एसटीने गेले, पुढे टेकडीपर्यंत रिक्षा केली. गर्दी होती, उभं राहावं लागलं, पाय दुखले. पण गेले.

जगाचा कोळसा माझ्या एसटीने कमी होणार नाही, ठाऊक आहे. तो मोठ्या देशांनी आणि मोठ्या कारखान्यांनी कमी करायचा आहे, आणि त्यांना तसं सांगणारी सरकारं लागतील. भारतात १९०१ ते २०१८ मध्ये सरासरी तापमान ०.७ अंशाने वाढलं, त्यात गोदाकाठच्या शेतकऱ्याच्या दोन बैलांचा वाटा किती? भोगतोय मात्र तो. यापुढेही ते वाढणार आहे. म्हणजे पोळ्याचा तो पाऊस परत येणार, कदाचित दशलक्षणातच येईल, ऐन चौदशीच्या दिवशी. तेव्हा आमच्या आवारातलं पाणी कुठे जाईल, हे ठरवणं आमच्या हातात आहे. कमिटीच्या तेवीस सभासदांत एकही बाई नाही, पण सर्वसाधारण सभेत मत सगळ्यांना आहे. आजवर आपण तिथे फक्त चहा-फराळाची व्यवस्था बघायला गेलो.

सभा येत्या रविवारी अभिषेक-पूजेनंतर, साडेदहाला आहे. आमच्या गावच्या ज्या ज्या वाचतात त्यांनी यावं, आणि चहा यावेळी पुरुषांना करू द्यावा. मी मोरीचं आणि खडीच्या खड्ड्याचं चित्र कागदावर काढून आणते आहे, गवंड्याला विचारून खर्चाचा अंदाजही घेतलाय, पेव्हरला लागला होता त्याच्या दहाव्या हिश्श्यातसुद्धा होतो. दुसऱ्या गावच्या मैत्रिणींनी आपापल्या मंदिरातला आड अजून उघडा आहे का, ते बघून कळवावं.

सासूबाईंची ती कडीची बादली माळ्यावरून काढून चिंचेने घासली आहे. दोर नवा घ्यावा लागेल, जुना कुजलाय. आडाला किती हात लागतात ते मी विसरले, कोणा जुन्या काकूंना आठवत असेल तर सांगा.